मेंदूचा चित्रकार

स्पेन देशाच्या उत्तरेस, पिरेनीज पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, आयेर्बे नावाचे एक लहानसे गाव आहे. १८६३ च्या सुमारास एके दिवशी या गावात तोफेचा बार उडाला. गावावर कोणी शत्रू चालून आला नव्हता. गावच्या डॉक्टरांच्या अकरा वर्षांच्या मुलाने सवंगड्यांना हाताशी धरून एक जाड लाकडी तुळई आतून कोरली होती. ती फुटू नये म्हणून तिला बाहेरून घट्ट आवळून बांधले होते आणि तिच्यात दारू व गोटे ठासून बत्ती दिली होती. समोर शेजाऱ्याच्या बागेचे नवे कोरे फाटक होते. त्याला भले मोठे भगदाड पडले. शेजाऱ्याने फिर्याद केली आणि मुलाची रवानगी गावच्या कोठडीत झाली. वडिलांनी रदबदली केली नाही. मुलाला चांगली अद्दल घडावी, असेच त्यांचे मत पडले. ढेकूण-पिसवांनी भरलेल्या त्या खोलीत काही दिवस काढून मुलगा घरी परतला. त्याच्या खोड्या मात्र त्यामुळे कमी झाल्या नाहीत.

या मुलाचे नाव सान्तियागो. त्याचा जन्म १ मे १८५२ रोजी पेतिया नावाच्या डोंगरातील खेड्यात झाला. स्पेनमध्ये वडिलांचे व आईचे अशी दोन्ही आडनावे लावण्याची चाल आहे. वडिलांचे आडनाव रामोन आणि आईचे काहाल. म्हणून त्याचे पूर्ण नाव सान्तियागो रामोन इ काहाल असे झाले. जग पुढे त्याला काहाल या आईकडील नावानेच ओळखू लागले.

वडील दोन हुस्तो रामोन हे मोठे करारी गृहस्थ होते. (दोन हा तेथील आदरार्थी शब्द, आपल्याकडील राव किंवा पंत यांसारखा.) ते गरीब शेतकरी कुटुंबात जन्मले. त्या काळी युरोपातील खेड्यांत न्हावीच बारीकसारीक शस्त्रक्रिया करीत. अशाच एका न्हावी-वैद्याकडे त्यांनी उमेदवारी केली, पुढे शिक्षणासाठी बार्सिलोनापर्यंतची वाट पायी तुडविली, आणि पोटाला चिमटा घेऊन ते शेवटी पदवीधर डॉक्टर झाले. ज्याने स्वतः असे दिवस काढले, त्याला आळस व छंद हे दोन्ही सारखेच वाटावे, यात नवल नाही. मुलाला त्यांनी लहानपणीच गावाबाहेरील एका ओसाड गुहेत नेऊन फ्रेंच भाषा शिकविली. कारण तेथे अभ्यासात व्यत्यय आणणारे कोणी नव्हते. १८६० साली स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा आठ वर्षांच्या सान्तियागोला त्यांनी ग्रहणाचे कारण आधीच समजावून सांगितले होते. ठरल्या वेळी भर दिवसा काळोख पडला. आकाशातील घटनासुद्धा माणसाला आगाऊ सांगता येते, ही गोष्ट त्या बालमनावर कायमची बिंबली.

परंतु या पितापुत्रांत एका बाबतीत उभा दावा होता. सान्तियागोला चित्रकलेचे वेड होते. कागद मिळेल तेथे कागदावर, न मिळेल तर भिंतीवर, तो घोडे, सैनिक, झाडे, पक्षी काढीत बसे. रंगांना पैसे मिळत नसत. मग तो भिंतींवरचा रंग खरवडून घेई, किंवा सिगारेटच्या कागदांच्या पुडक्यांची लाल-निळी वेष्टने पाण्यात भिजवून त्यांचा रंग काढी. वडिलांच्या दृष्टीने हे सारे वाया जाण्याचे लक्षण होते. तरीही अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी एकदा तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे ठरविले. गावात खरा चित्रकार कोठून असणार? देवळाच्या भिंतींना रंगसफेती करावयास आलेल्या एका कारागिरापुढे मुलाचे चित्र ठेवण्यात आले. त्याने ते पाहिले आणि मुलाच्या अंगी कलेचा गंधही नाही, असा निर्वाळा दिला. त्या दिवसापासून घरात रंग-कुंचल्याला बंदी झाली.

पुढील काही वर्षे दुःखाची गेली. हाका या गावच्या धार्मिक शाळेत लॅटिन घोकून घेत आणि चुकले की छडी बसे. सान्तियागोला शब्द पाठ होत नसत. पाहिलेली वस्तू मात्र तो विसरत नसे. मार, उपास आणि खोलीत कोंडून ठेवणे, या सर्व शिक्षांचा त्याच्यावर उपयोग झाला नाही. वेस्का येथील शाळेतही प्रगती बेताचीच राहिली. तेव्हा वडिलांनी त्याला आधी एका न्हाव्याकडे आणि नंतर एका चांभाराकडे कामास ठेवले. हे काम त्याने मन लावून केले. चामडे बेतणे, टाका घालणे, टाच बसविणे यांत त्याचा हात इतका बसला की, मालकाला तो हवाहवासा वाटू लागला. ज्यांना शाळेत यश येत नाही त्यांचा हात जड असतो, असे नव्हे.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी निराळीच युक्ती योजली. एका चांदण्या रात्री ते मुलाला घेऊन गावच्या स्मशानभूमीच्या भिंतीवरून आत उतरले. जुन्या थडग्यांतून उघड्यावर पडलेली हाडे त्यांनी गोळा केली आणि घरी आणून एकेक हाड मुलाच्या हाती देऊन त्याचा उंचवटा, खाच, छिद्र यांचा अभ्यास करून घेतला. आजच्या मापाने हा प्रकार कोणालाही रुचणार नाही, आणि तेव्हाही तो राजरोस करण्यासारखा नव्हता. परंतु त्याचा परिणाम विलक्षण झाला. हाड नीट समजून घ्यावयाचे तर ते काढून पाहिले पाहिजे, हे सान्तियागोच्या ध्यानात आले. आणि तो हाडांची चित्रे काढू लागला. ज्या चित्रकलेला वडिलांनी घराबाहेर काढले होते, तीच आता शरीरशास्त्राचे बोट धरून घरात आली. या वेळी वडिलांनी तिला हरकत घेतली नाही. पुढे सारागोसा येथे वडील शवविच्छेदन शिकवू लागले आणि मुलगा वैद्यकाचा विद्यार्थी झाला. दोघे एकाच मेजाशी उभे राहून तासन् तास विच्छेदन करीत. मुलाच्या रंगीत चित्रांचा एक मोठा ग्रंथ छापावा असेही वडिलांच्या मनात होते. परंतु तशी चित्रे छापण्याची सोय तेथे नसल्याने तो बेत तडीस गेला नाही.

१८७३ साली काहाल डॉक्टर झाले. लगेच सैन्यात भरती होऊन ते क्यूबा बेटावर गेले. तेथील दलदलीच्या प्रदेशात हिवतापाने त्यांना इतके पोखरले की, दुसऱ्याच वर्षी पांढरे पडलेले शरीर घेऊन त्यांस मायदेशी परतावे लागले. पुढे १८७८ मध्ये क्षयाची बाधा होऊन रक्ताच्या गुळण्या झाल्या. डोंगरातील हवेत राहून ते त्यातूनही उठले. परीक्षेसाठी माद्रिदला गेले असताना त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रातून शरीरातील पेशी प्रथम नीट पाहिल्या आणि त्यांचे देहभान हरपले. सैन्यातील नोकरीत शिल्लक टाकलेल्या पैशातून त्यांनी हप्त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि घराच्या माळ्यावर प्रयोगशाळा थाटली. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. घरच्यांना हा विवाह पसंत नव्हता. तथापि अपुऱ्या पगारात मोठा संसार चालवून, वर संशोधनाचा खर्च निभावून नेणारी ही गृहिणी नसती, तर पुढची कथा सांगण्याचा प्रसंग आला नसता. १८८३ मध्ये ते वालेन्सिया येथे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी तेथे पटकीची साथ आली. त्या रोगाविषयी त्यांनी लिहिलेल्या अहवालाबद्दल सारागोसाच्या शासनाने त्यांना उत्तम जर्मन बनावटीचा सूक्ष्मदर्शक भेट दिला. पैशाच्या थैलीपेक्षा ही भेट त्यांस किती तरी अधिक मोलाची वाटली.

काहाल यांनी पुढे जे कार्य केले त्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी मेंदूविषयी काय ठाऊक होते, हे पाहिले पाहिजे.

आपल्या कवटीत सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा एक मऊ गोळा आहे. त्याचा वरचा, अक्रोडाच्या गरासारखा वळ्यांनी भरलेला भाग म्हणजे मोठा मेंदू. विचार, स्मरण, वाणी ही त्याची कामे. मागे, खालच्या बाजूस बारीक घड्यांचा लहान मेंदू असतो. तोल सांभाळणे आणि हालचाली सफाईने घडविणे हे त्याचे काम. या दोहोंच्या खालून देठासारखा मस्तिष्कस्तंभ निघतो. श्वास व हृदय यांचे नियंत्रण तेथून होते. त्याच्याच पुढे पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू खाली जातो. हे भाग शस्त्रवैद्यांना डोळ्यांनी दिसत होते. कोणता भाग कोणते काम करतो, हे बहुधा रोग्यांवरून कळत असे. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे एक रोगी आला. त्याला बोललेले समजे, परंतु तोंडातून एकच अवयव निघे. तो मरण पावल्यावर ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस पुढच्या भागात इजा झालेली आढळली. वाणीचा मेंदूतील ठावठिकाणा असा लागला.

पण हा गोळा मुळात कशाचा बनलेला आहे? सर्व प्राणी व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत, हा सिद्धांत १८३८-३९ मध्ये जर्मनीत मांडला गेला आणि शरीराच्या एकेका अवयवाच्या बाबतीत तो खरा ठरत गेला. मेंदूपाशी मात्र तो अडखळला. मेंदूचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशींचे ठिपके दिसत. पण त्यांतून निघणारे तंतू इतके बारीक आणि एकमेकांत इतके गुंतलेले असत की, कोणता तंतू कोठे संपतो हे सांगणे अशक्य होई. यावरून बहुतेक विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की, हे तंतू कोठे संपतच नाहीत. ते एकमेकांत मिसळून सगळ्या मेंदूभर एकच एक अखंड जाळे बनते. हे जर खरे असेल, तर मेंदू हा साऱ्या सजीव सृष्टीतील एकटा अपवाद ठरत होता. शिवाय कोडे असे की, अखंड जाळ्यात शिरलेला संदेश सगळीकडे पसरावयाचा. मग बोट पोळले असता नेमका हातच कसा मागे घेतला जातो?

या गुंत्याची किल्ली एका इटालियन डॉक्टराला सापडली होती. त्यांचे नाव कामिल्लो गोल्जी. १८७३ साली एका लहान गावातील रुग्णालयात काम करीत असताना, स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत, त्यांनी मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट केले आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवले. नवल असे झाले की, शेकडो पेशींपैकी एखाददुसरीच काळी झाली. परंतु जी काळी झाली ती आपल्या सर्व फांद्यांसह, पिवळ्या कागदावर शाईने काढावी तशी स्पष्ट उमटली. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. या पद्धतीचा गुण तिच्या अपुरेपणातच होता. एवढे साधन हाती असूनही गोल्जी स्वतः मात्र अखंड जाळ्यावरच विश्वास ठेवून राहिले.

ही पद्धत लहरी होती. दहा वेळा केली तर एकदा साधे. म्हणून चौदा वर्षे तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १८८७ मध्ये काहाल माद्रिदला गेले असता लुइस सिमार्रो नावाच्या डॉक्टरांनी पॅरिसहून आणलेले तसे काप त्यांना दाखविले. काहाल यांनी डोळा लावला आणि त्यांना राहवेना. त्याच वर्षी त्यांची बदली बार्सिलोनाला झाली. तेथे घरातच एक खोली त्यांनी कामासाठी राखून ठेवली. बुद्धिबळाचा त्यांना अतोनात नाद होता; एकाच वेळी चार-चार डाव ते खेळत. वेळ खाणारा हा नाद त्यांनी निश्चयाने सोडला आणि पुढे पंचवीस वर्षे प्याद्याला हात लावला नाही.

गोल्जींची पद्धत त्यांनी दोन प्रकारे सुधारली. एक म्हणजे, तुकडा त्याच द्रावणांतून पुन्हा एकदा काढला, तर रंग भरवशाने चढे. दुसरी युक्ती खरोखर अजब होती. दाट माजलेल्या रानात एका झाडाच्या फांद्या दुसऱ्यापासून निराळ्या काढता येत नाहीत. पण तेच रान रोपांचे असेल तर प्रत्येक रोप वेगळे दिसते. तेव्हा पूर्ण वाढलेल्या मेंदूच्या मागे लागण्याऐवजी काहाल यांनी अंड्यातील पिलांचे व नुकत्याच जन्मलेल्या प्राण्यांचे मेंदू घेतले. त्यांच्यातील तंतू आखूड असतात आणि त्यांच्यावर चरबीचे आवरण अजून चढलेले नसते, त्यामुळे ते चांगले रंगतात.

पक्ष्याच्या लहान मेंदूत त्यांना हवे ते दिसले. तेथे पंख्यासारखा फांद्यांचा पसारा असलेल्या मोठमोठ्या पेशी ओळीने उभ्या असतात. शेजारच्या लहान पेशींतून निघालेले तंतू या मोठ्या पेशींपर्यंत येतात आणि त्यांच्या बुंध्याभोवती टोपली विणावी तसे वेटोळे घालून तेथेच संपतात. दुसरे काही तंतू वेलीसारखे त्यांच्या फांद्यांवर चढतात. पण वेल झाडावर चढली म्हणून झाडात मिसळत नाही. तंतूला टोक होते! तो पेशीला बिलगत होता, तिच्यात विरघळत नव्हता. मग त्यांनी डोळ्यातील दृष्टिपटल पाहिले, मज्जारज्जू पाहिला; जेथे पाहावे तेथे हाच प्रकार. मेंदू हे अखंड जाळे नव्हते. तो वेगवेगळ्या पेशींचा बनलेला होता आणि त्या एकमेकींना केवळ स्पर्शाच्या अंतरावरून निरोप देत होत्या.

हे सारे पाहणारा डोळा शास्त्रज्ञाचा होता, आणि टिपणारा हात त्या आयेर्बेतल्या पोराचा. काहाल पुष्कळदा सकाळभर सूक्ष्मदर्शकातून पाहत, दुपारी आठवणीवरून पेन्सिलीने चित्र काढीत, मग पुन्हा यंत्राशी ताडून पाहून शाई फिरवीत. एका कापात एखाद्या पेशीचा सबंध विस्तार सहसा येत नाही. अनेक काप पाहून तो मनात जुळवावा लागतो. येथे नुसती नजर पुरत नाही, चित्रकाराचे मन लागते. त्यांची हजारो चित्रे आज माद्रिदला जपून ठेवलेली आहेत, आणि मेंदूवरील पुस्तकांत ती अजूनही छापली जातात.

शोध तर लागला. पण तो वाचणार कोण? स्पेनमध्ये या विषयातले जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि परदेशी विद्वानांना स्पॅनिश येत नव्हते. मे १८८८ मध्ये काहाल यांनी स्वतःच्या खर्चाने एक त्रैमासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या साठच प्रती काढल्या आणि त्यांतील बहुतेक परदेशी विद्वानांना पाठविल्या. उत्तर जवळजवळ आले नाही. ज्या देशातून असे काही यावयाचे नाही असे लोकांनी ठरविलेले असते, तेथून आलेले पाकीट उघडण्याची घाई कोण करणार?

तेव्हा ते स्वतःच निघाले. ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांचे संमेलन भरणार होते. काटकसरीने साठविलेले पैसे घेऊन, आपला सूक्ष्मदर्शक व काचपट्ट्यांची पेटी जिवापाड सांभाळीत, सदतीस वर्षांचा हा प्राध्यापक आगगाडीने बर्लिनला पोचला. जर्मन येत नव्हते. मोडकेतोडके फ्रेंच काय ते जवळ होते. प्रात्यक्षिकाच्या दालनात त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडले, त्यांत आपले सर्वोत्तम काप लावले आणि ते वाट पाहू लागले. काही विद्वान आले ते अविश्वासाच्या मुद्रेने. परंतु भिंगावर डोळा ठेवल्यावर त्यांच्या कपाळावरील आठ्या मावळू लागल्या. त्यांच्यातच अल्बर्ट फॉन कोलिकर होते. बहात्तर वर्षांचे हे वृद्ध त्या शास्त्रातील सर्वांत वजनदार पुरुष. आणि जाळ्याच्या मताचे पुरस्कर्ते. त्यांनी एकामागून एक काप पाहिले. मग त्यांनी त्या अनोळखी परदेशी माणसाला आपल्या गाडीत बसवून आपल्या उतरण्याच्या जागी नेले, जेवू घातले आणि इतर विद्वानांशी त्याची ओळख करून दिली. घरी परतल्यावर कोलिकर यांनी काहाल यांचे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि आपले जुने मत जाहीरपणे सोडले. काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले, असे सांगतात. शोध लावणे कठीण खरेच. पण आयुष्यभर शिकविलेले मत बहात्तराव्या वर्षी टाकणे सोपे असते काय?

१८९१ साली वाल्डेयर या जर्मन पंडिताने या स्वतंत्र पेशींना न्यूरॉन असे नाव दिले. मराठीत आपण तिला चेतापेशी म्हणतो. तिला झाडाच्या डहाळ्यांसारख्या अनेक वृक्षिका असतात आणि एक लांब अक्षतंतू असतो. काहाल यांनी आता पुढचा प्रश्न हाती घेतला: निरोप कोणत्या दिशेने जातो? डोळा व नाक येथे त्यांना उत्तर मिळाले. तेथील पेशींच्या वृक्षिका नेहमी प्रकाश किंवा वास ग्रहण करणाऱ्या बाजूस असतात, आणि अक्षतंतू मेंदूच्या दिशेने जातो. म्हणजे निरोप वृक्षिकांतून येतो व अक्षतंतूतून पुढे जातो. हा नियम त्यांनी सर्व मज्जासंस्थेला लावला आणि आपल्या चित्रांत निरोपाची वाट दाखविणारे लहान लहान बाण काढले. पोळलेल्या बोटाचे कोडे सुटण्याची वाट मोकळी झाली. वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर शंकू असतो आणि तो वाट काढीत पुढे सरकतो, हेही त्यांनी मेलेल्या, स्थिर कापांवरूनच ओळखले. पुढे १९०७ च्या सुमारास जिवंत तंतू काचेवर वाढविता आले, तेव्हा तो शंकू खरोखर सरकताना दिसला.

१८९२ पासून काहाल माद्रिदच्या विद्यापीठात होते. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस व्याख्यानास बोलाविले. तेथे ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी उतरले होते. दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानाला सिनॅप्स हे नाव पुढे १८९७ मध्ये शेरिंग्टन यांनीच पुढे आणले. मायदेशी सरकारला आता त्यांची आठवण झाली. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा काढण्यात आली. तिच्याबद्दल ठरविलेला पगार जास्त आहे असे म्हणून त्यांनी तो स्वतःच कमी करून घेतला. मंत्रिपद देऊ केले, तेही नाकारले. फावल्या वेळात ते रंगीत छायाचित्रणाचे प्रयोग करीत आणि त्यावर त्यांनी १९१२ मध्ये एक पुस्तकही लिहिले. बापाने बंद केलेली रंगांची पेटी म्हातारपणापर्यंत उघडीच राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना मिळून देण्यात आले. डिसेंबर महिन्यात दोघे स्टॉकहोमला आले. एकाने काजळी शाई दिली होती. दुसऱ्याने तिने लिहिलेले वाचले होते. परंतु दोघांनी वाचले ते वेगवेगळे. पहिल्या दिवशी गोल्जी भाषणास उभे राहिले आणि त्यांनी चेतापेशींच्या सिद्धांतावरच हल्ला चढविला; अखंड जाळ्याचे आपले मत त्यांनी तसूभरही सोडले नव्हते. सभेत बसून काहाल यांना ते ऐकावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली. त्यांनी गोल्जींच्या पद्धतीचे ऋण मान्य केले आणि आपण काय काय पाहिले, ते एकेक पुराव्यासह मांडले. दोघांचा मेळ कधीच बसला नाही. गोल्जी १९२६ साली निवर्तले. गोल्जींना दोष देताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्या काळच्या भिंगातून दोन पेशींमधील फट कोणालाच दिसणे शक्य नव्हते; काहाल यांनाही ती दिसली नव्हती. टोके कशी संपतात यावरून त्यांनी ती ताडली होती.

अखेरपर्यंत काहाल लिहीत व पाहत राहिले. १९३० मध्ये सिल्वेरियाबाई गेल्या. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, काहाल यांचे देहावसान झाले.

प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहणारा सूक्ष्मदर्शक त्यानंतर प्रचारात आला. १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या साहाय्याने चेतापेशींच्या संपर्कस्थानांची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत दोन पेशींची दोन वेगवेगळी आवरणे दिसली आणि त्यांच्यामध्ये एक फटही. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी ती अरुंद होती. पुढे असेही आढळले की, काही ठिकाणी शेजारच्या दोन पेशींत अगदी सूक्ष्म वाटा असतात. तेव्हा गोल्जींची कल्पना अगदीच निराधार होती असे नाही. परंतु बहुसंख्य संपर्कस्थानी फट असते आणि निरोप ती रसायनांच्या साहाय्याने ओलांडतो. मानवी मेंदूतील चेतापेशींची संख्या ब्राझीलमधील संशोधकांनी २००९ मध्ये मोजली. ती सुमारे ८,६०० कोटी भरली, आणि त्यांतील बहुतेक पेशी मोठ्या मेंदूत नव्हेत, तर लहान मेंदूत निघाल्या. काहाल यांनी टोपलीसारखे वेटोळे प्रथम पाहिले होते, त्याच भागात.